आमची वाटचाल: झाकली गेलेली ओळ

आमच्या पहिल्या डबीवर मी मोठ्या हौसेनं छापून घेतलं होतं, ‘पेशींना नवं तारुण्य!’ तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि बायको. एक खोली, एक वजनकाटा आणि विकायला एकच वस्तू: कोएन्झाइम क्यू-१०.

वस्तू खरी होती. १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन यांनी गुरांच्या हृदयातून हा नारिंगी-पिवळा पदार्थ वेगळा काढला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, तो इलेक्ट्रॉनची ने-आण करतो आणि त्या जोरावर एटीपी, म्हणजे पेशीची रोजची रोकड, तयार होते. वयाबरोबर त्याचं प्रमाण घटतं, हेही खरं. पण ते भरून काढलं की म्हातारपण लांबणीवर पडतं, ही उडी माझी.

ती फोनवर उघडी पडली. एका आजींनी विचारलं, “बाळा, मी रक्त पातळ व्हायची गोळी घेते. हे चालेल ना?” मला उत्तरच येईना. रात्री वाचत बसलो. क्यू-१० ची ठेवण रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के सारखी, त्यामुळे वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. सकाळी आजींना सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नका. शिल्लक डब्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवायला बसलो, तर तारुण्याची ओळ नेमकी तिच्याखाली झाकली गेली. पुढच्या छपाईत ती घेतलीच नाही.

क्यू-१० तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून कोरडी पावडर सोडून सॉफ्टजेल, म्हणजे आत तेल भरलेल्या मऊ गोळ्या, आणल्या. पहिलाच माल कुरिअरच्या गाडीत उन्हात राहिला आणि गिऱ्हाइकाच्या डबीतून एकसंध गोळाच बाहेर पडला! सगळा लॉट परत घेतला. त्या वर्षीचा नफा त्या गोळ्यात गेला म्हणा.

मग एनएमएन या तारुण्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पूरकाची लाट आली. त्यानं रक्तातलं एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं एक द्रव्य, वाढतं, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. आम्ही ते ठेवलं नाही. गिऱ्हाइकं गेली, जरा जास्तच गेली.

ठेवलं ते क्रिएटिन. जिममधल्या पोरांची पावडर म्हणून ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात. पण रोज ३ ते ५ ग्रॅम आणि जोडीला वजनं उचलण्याचा व्यायाम असेल, तर उतारवयातही स्नायूंना फायदा होतो. नुसती पावडर खाऊन खुर्चीत बसलं तर फारसं काही होत नाही, हे आता डबीवरच लिहितो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, हेही.

थकव्यासाठी फोन आला की बायको आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगते. परवा एका गृहस्थांनी तीन डब्यांचे पैसे भरून मग रिपोर्ट पाठवला. बी-१२ बरंच खाली होतं. ते आम्ही विकत नाही. पैसे परत केले आणि बांधलेलं खोकं तिनं पुन्हा उघडलं.