आमची वाटचाल: आधी उन्हाचा हिशेब, मग होडी

आमचा गाळा रे रोडला, दारूखान्याच्या बाजूला. मूळ धंदा फायबरचा: पाण्याच्या टाक्या, होड्यांची डागडुजी. २०१७ साली केरळात वैकम ते तवणकडव या मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ आसनी सोलर फेरी सुरू झाली आणि आमच्याकडेही विचारणा होऊ लागली. ती कॅटामरान होती, म्हणजे दोन हलांची (हल म्हणजे होडीचं पाण्यावर तरंगणारं धड). त्यामुळे लोक यायचे ते सरळ म्हणायचे, “तशीच करून द्या, फक्त लहान.”

तशीच लहान करून चालत नाही, हे पटवण्यातच आमची बरीच वर्षं गेली.

दहा मीटरच्या होडीच्या छपरावर २५ चौरस मीटर पॅनल बसतात, कागदावर ५ किलोवॅट. मुंबईच्या उन्हात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं आणि दहा-बारा टक्के तिथेच जातात. म्हणून छप्पर आणि पॅनल यांच्यात हवा खेळायला जागा सोडावीच लागते. निरभ्र दिवशी वीसेक युनिट हाती येतात. डिझेलवाला कमी पडलं तर टाकी भरून घेतो. सूर्य उधारी देत नाही. उलट बाजूला, वेग दुप्पट केला की ताकद साधारण आठपट लागते. होडीनं स्वतः काढलेल्या लाटांचा विरोध वाढला तर त्याहूनही जास्त.

हा हिशेब आम्ही कॉम्प्युटरवर करतो. मिशेल नावाच्या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने १८९८ मध्ये निमुळत्या जहाजाच्या लाटांचा विरोध काढायचं सूत्र दिलं. हातानं सोडवायला ते भयंकर किचकट, पण आजचा लॅपटॉप एका आकाराचं उत्तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत देतो. त्यामुळे लांबी, रुंदी, दोन हलांमधलं अंतर बदलत रात्रभर हजारो आकार तपासता येतात. त्यातून उरलेल्या दोन-चार आकारांसाठीच ओपनफोमसारखं, पाण्याचा प्रवाह बारकाईनं मोजणारं जड सॉफ्टवेअर चालवायचं. त्याला वेळ लागतो आणि गाळ्यातला पंखा त्या मशीनकडे वळवावा लागतो.

वेसाव्याचे एक तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आमच्याबरोबर काम करतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. स्क्रीनवरचे रंगीत पट्टे बघून ते एकदा म्हणाले, “हे सगळं मला मागच्या पाण्याकडे बघून कळतं.” खरंच कळतं. होडी सहा नॉटनं (ताशी सहा सागरी मैल, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर) गेली तर तिची लाट साधारण सहा मीटर लांब असते, आठ नॉटला अकरा मीटर. म्हणजे दहा मीटरची होडी आठ नॉटला स्वतःच काढलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि कायम चढ चढत राहते. हल सडपातळ असले की हा चढ सौम्य होतो, म्हणून कॅटामरान. “मग अजून निमुळती कर की,” काका म्हणाले. पण पाच-सहा नॉटला निम्म्याहून जास्त ताकद नुसत्या घर्षणात जाते, आणि उगाच लांबवलेल्या हलाला पाणी जास्त घासतं. त्यामुळे मॉडेलनं पाच नॉटसाठी थोडी आखूड होडी निवडली, आठसाठी लांब. म्हणून आता गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न आसनांचा नाही, वेगाचा.

दुसरा प्रश्न वजनाचा. आमच्या दहा मीटरच्या आराखड्यात साधारण ९० किलो चढले की होडी एक सेंटिमीटर खाली जाते. एक दणकट माणूस आणि त्याची पिशवी. रेलिंगला स्टीलचे पाइप, वर स्पीकर, पुढे नाळेवर जाडजूड नक्षी... प्रत्येक गोष्ट बुडालेला भाग वाढवते. मालकांना नक्षी फार प्रिय असते.

दोन हलांमधलं अंतर हे आमचं आवडतं भांडण. दोन्ही बाजूंच्या लाटा मधे एकमेकींना भेटतात. काही वेगांना जोर वाढवतात, काहींना मारतात. हल दूर नेले तर छप्पर मोठं होतं, पॅनल जास्त बसतात. पण आडवे बीम जड होतात आणि जेट्टीवर लावताना शेजारचा होडीवाला शिव्या देतो. हे शेवटचं कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

होडीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकणारी प्लास्टिकची पिशवी, तळाला धरणारी कालवं आणि शेवाळ, हेही नाही. उधाणाला खाडीची ओढ दोन नॉट धरली तर सहा नॉटच्या होडीला पुढे सरकायला चारच उरतात. म्हणून बॅटरी किती घ्यायची, हे आम्ही काकांशी बोलून ठरवतो, भरतीच्या वेळापत्रकासकट. पंख्यापुढे तिरकी पट्टी लावायची सूचनाही त्यांचीच. मॉडेलमध्ये घालून बघितली, थोडा विरोध वाढतो. तरी ठेवली.

पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, तेव्हा आमचं आराखड्यांचं काम जोरात असतं. आराखड्याचे पैसे आता वेगळे घेतो, होडी बांधा अगर न बांधा. सुरुवातीला यावर लोक चिडायचे. हल्ली दहा नॉट मागणाऱ्याला वेग आणि युनिटांचा आलेख दाखवला की तो बहुतेक वेळा सहावर येतो. जो येत नाही, त्याला आम्ही चांगल्या डिझेल इंजिनवाल्याचा पत्ता देतो.