आमची वाटचाल: तेरा आणि चौदाच्या मधला पाना

वडिलांचं गॅरेज नाना पेठेत, ॲम्बेसेडरचं. तिचे एसयू बनावटीचे कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे) उघडत-बसवतच मी मोठा झालो. त्यामुळे वकीलकाकांनी एमजी टीसी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार दारात आणली, तेव्हा तिचे जोडीचे एसयू बघून घाबरलो नाही. घाम फुटला तो बोल्ट बघून.

टीसी १९४५ ते १९४९ इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली. पण तिचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मॉरिसच्या कोव्हेंट्रीच्या इंजिनशाखेचं, आणि ती शाखा मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीची. म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक, डोकं मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाचं! ८ मिलिमीटरच्या बोल्टला १ची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. दुकानात मागाल तर १.२५चा हातात ठेवतात. डोक्यावर तेराचा पाना चढत नाही, चौदाचा कोपरे खातो. लागतो पाव इंची व्हिटवर्थ. वडिलांनी जुन्या बाजारातून आणलेला आमचा तसा पाना अजून फळीवर आहे. पाव इंच हे माप डोक्याचं नव्हे, व्हिटवर्थ बोल्टच्या दांड्याचं, हे पोरांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

काका आजारी असताना मुलाने गाडी एका ‘मोठ्या’ गॅरेजला दिली. काचेचं ऑफिस, कॉफी वगैरे. तिथे ‘संप’ला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, १.२५चे बोल्ट घातले, तेही हवेच्या गनने. ब्लॉकचे आटे गेले, वरून सिलिकॉन फासलं. घाटात तेल संपलं, बेअरिंग धरलं. आणि नाव कुणाचं? ते गॅरेजवाले म्हणाले, “इंजिन आधी यांनीच उघडलं होतं!” आठवड्यात तीन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन गेली. शटर अर्धंच उघडायचो. हिच्या पाटल्या पतपेढीत गेल्या.

बरे झाल्यावर काका स्टुलावर येऊन बसले. संप माझ्याकडून उघडून घेतला, एका बोल्टला स्वतः पिच गेज लावली. तो बोल्ट रुमालात बांधून त्या काचेच्या ऑफिसात गेले. परत येऊन एवढंच म्हणाले, “गाडी तुझ्याकडेच राहू दे रे.” आम्ही भोकन् भोक हेलिकॉइलने (नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने) सावरलं, १च्या पिचचे बोल्ट लेथवर काढून घेतले.

पुढची वर्षं बरी गेली.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: पहिले तीन वळसे बोटांनीच द्या. अडला, तर तो बोल्ट त्या भोकाचा नव्हे. आणि एसयूच्या डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यात) तेल आहे का ते बघितल्याशिवाय जेट (पेट्रोल कमी-जास्त करायची नळी) पिळत बसू नका.

गेल्या महिन्यात त्याच गॅरेजचा पोऱ्या आला, “शेठनी पाव इंची पाना मागितलाय, संध्याकाळी परत देतो.” त्याला चहा पाजला. पाना दिला नाही. म्हटलं, गाडी इकडे आणा.