मधल्या घडीतले दोन बुवा

"गो, माझो पेटीवरचो हात खंय गेलो?"

पान हातात घेतल्या घेतल्या भजनाच्या बुवांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मासिकाच्या ज्या जोडपानासाठी, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांसाठी, मी तीन आठवडे हॉस्टेलवर जागत होते, त्यावर मिळालेली ही पहिली प्रतिक्रिया. मी लगेच त्यांना क्रॉप म्हणजे काय ते समजावायला लागले. चेहरा जवळून घेतला की वाचणाऱ्याची नजर थेट डोळ्यांवर जाते, मासिकात असंच करतात, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता खरा. पण हात नाय तर लोकांक वाटतला, हो नुसतो तोंड उघडून बसलोहा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी रत्नागिरीला मास मीडिया करते, दुसरं वर्ष. घर कुडाळजवळ. या सेमिस्टरला आम्हाला प्रकल्प होता: तीन संगीत मासिकांच्या मांडणीचं विश्लेषण करायचं आणि मग स्वतःच्या मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान तयार करायचं. वर्गात चार जणांनी रॅप घेतलं, दोघींनी के-पॉप. मी डबलबारी घेतली. यात अस्मिता वगैरे फारशी नव्हती. गणपतीत वाडीत भजनं होणार होती, फोटो फुकट मिळणार होते आणि माझे काका पखवाज वाजवतात, म्हणजे मुलाखतीचीही सोय होती.

घाटावरच्या वाचकांसाठी: डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. एकाच मंडपात दोन बुवा, दोघांचे आपापले संच; पेटी, पखवाज, तबला, चकी आणि मागे कोरस. अभंग होतात, गौळण होते, गजर होतो. रात्र चढली की एकजण पुराणातलं कोडं टाकतो आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. उत्तर देता देता समोरच्याची टोपी उडवायची. लोक अभंगाला डोलतात, पण उठून बसतात ते टोपी उडते तेव्हा.

विश्लेषणासाठी मासिकं हवी होती. ती आमच्या चाकरमानी आतेभावाने आणली. गणपतीला येताना त्याच्या बॅगेत आईसाठी साडी, आजोबांसाठी औषधं आणि माझ्यासाठी फोर्टच्या फुटपाथवरून उचललेली जुनी विलायती मासिकं होती: 'क्यू'चा एक अंक, 'केरँग'चे दोन. बाकीचं मी नेटवर पाहिलं.

'क्यू' १९८६ला सुरू झालं आणि २०२०मध्ये बंद पडलं. डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात पांढरं अक्षर, बस. त्यांना आधी नाव वेगळ्या स्पेलिंगने ठेवायचं होतं, पण ते बिलियर्डच्या काठीचं मासिक वाटेल म्हणून एका अक्षरावर आणलं. 'केरँग'चं नाव म्हणजे गिटारवर जोरात हात मारल्यावर होणारा आवाज. १९८१ला सुरू झालेल्या या मासिकाच्या नावाची अक्षरं तडा गेल्यासारखी दिसतात. हे मला फार आवडलं. मासिकाचं नावच वाजतंय! म्हणून मी माझ्या मासिकाचं नाव 'गजर' ठेवलं. (मैत्रिणीला वाटलं मी घड्याळांवर काहीतरी करतेय.)

आता मुखपृष्ठाचा किस्सा. मोठ्या मासिकांत गायकाचं डोकं मासिकाच्या नावावर चढलेलं असतं, नावाची दोनतीन अक्षरं झाकली जातात. सरांनी वर्गात सांगितलं होतं की हा माज आहे: आमचं नाव अर्धं झाकलं तरी तुम्ही आम्हाला ओळखता. मलाही तो माज करायचा होता. बुवांचा तान घेतानाचा फोटो मी नावाच्या बरोबर मध्ये बसवला. डोकं 'ज'वर आलं. पूर्ण आलं. उरलं 'गर'.

आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "फणसाचा मासिक काढलंस?"

इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, दोनतीन झाकली तरी उरलेल्यांवरून ओळखीचं नाव कळतं. आपल्या अक्षराची बरीचशी ओळख वरच्या बाजूला, शिरोरेषेच्या आसपास असते. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळे वरच्या मजल्यावर राहतात. तिथेच डोकं घातलं की शब्द गेला. शेवटी मी बुवांना खाली ओढलं आणि नाव मोकळं सोडलं. माज नंतर करू.

डाव्या तिसऱ्या भागाचा नियमही असाच फसला. पुस्तकात लिहिलंय की मुखपृष्ठावरचं महत्त्वाचं सगळं डाव्या बाजूच्या एक तृतीयांश भागात हवं, कारण तिकडच्या दुकानात मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात आणि तेवढीच पट्टी दिसते. मी कुडाळच्या एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहिले. तिथे मासिकं दोरीला क्लिपा लावून टांगलेली, एकाखाली एक. दिसते ती वरची चार बोटं. पावसाळ्यात वरून प्लास्टिक, म्हणजे तीही धूसर. मग मी 'यंदाचे सामने' ही ओळ डावीकडून उचलून नावाच्याही वर नेली. सरांनी प्रात्यक्षिकात विचारलं तेव्हा मी एस.टी. स्टँडचा फोटोच दाखवला. सर हसले. मार्क दिले की नाही ते कळलं नाही.

खरा घाम मजकुराने काढला. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला परिच्छेद टाकला तर सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसलेल्या, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. 'भक्ती' बघवेना. दोन रात्री मला वाटत होतं की फॉन्ट खराब आहे. तीन फॉन्ट बदलले. मग एका सीनिअरने सांगितलं की परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' नावाचा पर्याय असतो, तो लावला की देवनागरी नीट होते. लावला. झाली. पाच सेकंदांचं काम. हे आम्हाला शिकवताना सगळी उदाहरणं इंग्रजीत होती, त्यामुळे वर्गात ही अडचण कधी आलीच नव्हती.

मग मी 'केरँग'सारखा तीन रकान्यांचा ग्रिड घेतला. त्यात 'पखवाजवादनाच्या' हा एकच शब्द जवळजवळ एक ओळ खातो. दोन्ही बाजू सरळ केल्या तर शब्दांमध्ये एवढ्या फटी पडतात की रकान्यातून वहाळ वाहतोय असं वाटतं. तीनचे दोन रकाने केले आणि उजवी बाजू खालीवर सोडून दिली. ओळींमधलं अंतरही वाढवावं लागलं. इंग्रजीत १० पॉइंटच्या अक्षराला १२चं अंतर पुरतं. मी 'मुक्ता' फॉन्ट ११ पॉइंटला घेऊन १६वर ठेवला, तेव्हा कुठे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर पाय द्यायचे थांबले. परिणाम असा की काकांची मुलाखत निम्मी कापावी लागली. काकांना अजून सांगितलेलं नाही.

शीर्षकाची अक्षरं लांब लांब टाकली की भारदस्त दिसतात, म्हणून मी तेही करून पाहिलं. शिरोरेषा तुटली. सगळा शब्द दातांची फणी झाला. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ओरडायचं तर आकाराने, जाडीने नाहीतर रंगाने ओरडावं लागतं. मोठ्या पहिल्या अक्षराचा हट्ट मात्र मी सोडला नाही. मुलाखतीची सुरुवात 'प्रत्येक'ने होत होती. सॉफ्टवेअरला एक अक्षर मोठं कर म्हटलं, की एक अक्षर म्हणजे नेमकं कुठवर हा त्याचा प्रश्न. मला 'प्र' हवा, सबंध. आणि मोठ्या 'प्र'ची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळायला हवी, नाहीतर तो दारात लटकवलेल्या आकाशकंदिलासारखा वेगळाच लोंबतो. हे मी हाताने, चौकट सरकवून सरकवून जुळवलं. संपूर्ण अंकात मला स्वतःला मनापासून आवडलेली जागा तीच, आणि तिच्याकडे एकाही माणसाचं लक्ष गेलं नाही.

अमेरिकेत 'रे गन' नावाचं मासिक होतं. त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सन याला १९९४मध्ये गायक ब्रायन फेरीची एक मुलाखत एवढी कंटाळवाणी वाटली की त्याने ती सगळी चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली. नुसते बाण, चांदण्या, फुल्या. वाचता येणारी प्रत अंकाच्या मागे दिली. डिझाइनच्या वर्गात ही गोष्ट बंडखोरी म्हणून सांगतात. आमच्याकडे फ्लेक्सवाल्याची श्रीलिपी या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की हे आपोआप होतं, बंडखोरीची गरज पडत नाही.

फ्लेक्सवाल्याचं नाव निघालंच आहे तर त्याच्याकडे येते. जोडपान काही केल्या जमत नव्हतं. 'क्यू'मध्ये पाहिलं तसं मी डाव्या पानावर एक मोठा फोटो आणि उजव्या पानावर मजकूर घेतला होता. दिसायला स्वच्छ, पण त्यात डबलबारी कुठेच नव्हती. एक बुवा मोठा आणि दुसरा मजकुरात कुठेतरी, हे वाडीत दाखवलं असतं तर दुसऱ्या बुवांच्या माणसांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं. त्याच दिवशी नाक्यावर बारीचा बॅनर लागला होता. डावीकडे एक बुवा, उजवीकडे एक, दोघांचे फोटो इंचाइंचाने सारखे, दोघांच्या हाताखाली पेटी. खाली दोन्हीकडे पखवाज साथ, तबला साथ, चकी साथ. मध्ये पिवळ्या ताऱ्यात लाल 'विरुद्ध'. वर 'जंगी सामना'. हे बॅनर मी लहानपणापासून बघतेय आणि बेढब म्हणून नाकं मुरडतेय. तिथे उभं राहून पहिल्यांदा लक्षात आलं की हे जोडपानच आहे, आणि वाचणाऱ्याला जे हवं ते सगळं दोन सेकंदांत मिळतंय: कोण, कोणाशी, साथीला कोण, कुठे, कधी.

मी घरी येऊन पान पुसलं. दोन बुवा, दोन पानं, समोरासमोर. मधली घडी म्हणजे दोघांमधली जागा. १६ पानी अंकात ८ आणि ९ ही पानं एकाच कागदावर येतात, त्यामुळे तिथे फोटो घडीवरून सलग जातो; बाकी कुठल्याही जोडपानात तो दोन कागदांवर तुटतो आणि मिलिमीटरभर वरखाली होतो. म्हणून जागा ८-९च. सवाल डाव्या पानावर, जबाब उजव्या पानावर. वाचणारा डावीकडून उजवीकडे जातो तसा सामना पुढे सरकतो. मध्ये मी काहीच ठेवलं नाही. तो पिवळा तारा तर अजिबात नको होता मला. मोकळी जागा ठेवली, चांगली दोन इंच, आणि त्या मोकळ्या जागेवर विश्लेषणाच्या वहीत दीड पान लिहिलं.

फक्त एक चूक केली. चेहरे मोठे दिसावेत म्हणून दोन्ही फोटो छातीपाशी कापले.

छपाईचं थोडक्यात: स्क्रीनवर बुवांचा शेला केशरी होता, कागदावर विटकरी आला. स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, कागदावर चार शाया असतात. तो झगझगीत केशरी त्यांच्यात बसतच नाही. फाइल आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शायांच्या रंगांत, बघायला हवी होती. आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली ती सहाला आली. दुकानदाराने पिना मारल्या त्यातली एक बरोबर मोकळ्या जागेच्या मध्यावर बसली, तेवढं मात्र छान झालं.

बुवांच्या त्या प्रश्नानंतर मी फोटो पुन्हा उघडले. मूळ फोटोत हात होता. बोटं काळ्या पट्टीवर पसरलेली, डावा हात भात्यावर. चेहरा थोडा लहान करून हात परत आणला, समोरच्या बुवांचाही आणला. कॉलेजात मात्र आधीचीच प्रत गेली होती. नवीन प्रत काढून मी बुवांना नेऊन दिली.

दिवाळीच्या सुट्टीत पॅसेंजरने कुडाळला उतरले आणि रिक्षातून घरी येताना नाक्यावर नवीन बॅनर दिसला. दहा बाय आठ. मांडणी माझी. माझे दोन रकाने, माझे सवालजबाब, दोन्ही पेट्या, चारही हात. बुवांनी माझी प्रत फ्लेक्सवाल्याला नेऊन दिली होती म्हणे. आणि मी दीड पान लिहून समर्थन केलेल्या त्या मोकळ्या जागेत एक पिवळा तारा, त्यात लाल 'विरुद्ध'.

रिक्षावाल्याने न विचारताच वेग कमी केला आणि तारीख वाचली.