जहाज सुटण्याची तारीख : शुल्कवाढीच्या काळात टॉवेल निर्यातीचा माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. 2025 च्या उन्हाळ्यात आमचा निम्म्याहून अधिक माल अमेरिकेतील एकाच खरेदीदाराकडे जात होता आणि त्याच्यासाठी तीन कंटेनरची ऑर्डर मागांवर होती.

एप्रिलमध्ये अमेरिकेकडून भारतीय मालावर 26 टक्के आयातशुल्क जाहीर झाले आणि आठवड्याभरात ते स्थगित होऊन 10 टक्के उरले. पुढे 31 जुलैच्या आदेशाने 7 ऑगस्टपासून ते 25 टक्के झाले, आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के लावण्यात आले. सुती टेरी टॉवेलवर तेथे मुळातच 9.1 टक्के शुल्क असल्याने आमच्या मालावरील बोजा 59.1 टक्क्यांवर गेला. पाकिस्तानच्या मालावर तो 28.1 टक्के होता. अमेरिकेत माझा टॉवेल पाकिस्तानी टॉवेलच्या भावात पडावा, तर मला दर साडेएकोणीस टक्क्यांनी उतरवावा लागला असता, आणि आमचा नफाच शंभराला सात-आठ रुपयांचा आहे.

पहिला कंटेनर 2 ऑगस्टला न्हावा शेवा बंदरातून निघाला आणि 7 ऑगस्टपूर्वीच जहाजावर चढलेला असल्याने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचून जुन्या 10 टक्क्यांच्या दराने सुटला. दुसऱ्याच्या वेळी आमच्या फॉरवर्डरचा, म्हणजे माल जहाजाने पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्याचा, आग्रह होता की 27 तारखेच्या आत माल जहाजावर चढला की काळजी नाही. मी त्या वाढीव 25 टक्क्यांचा आदेश मुळातून वाचला, तेव्हा सूट मिळण्याची दुसरी अट दिसली : माल 27 ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला असावाच, शिवाय 17 सप्टेंबरपूर्वी त्याची तेथील सीमाशुल्क नोंद झालेली असावी. आमच्या मालाला समुद्रमार्गे पाच आठवडे लागतात. 24 ऑगस्टला निघालेला माल त्या मुदतीत पोहोचणे शक्यच नव्हते. कंटेनर मी थांबवला. असे आदेश कोणाच्या सांगण्यावर न विसंबता स्वतः वाचावेत, असे मी प्रत्येक लहान निर्यातदाराला कळकळीने सांगेन.

याच दिवसांत माल आखाती देशात उतरवून तेथून नव्या कागदपत्रांवर पाठवण्याचा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला. टॉवेल सोलापुरात विणला असेल, तर कागद बदलल्याने त्याचे मूळ बदलत नाही. शिवाय शुल्क चुकवण्यासाठी वळवलेल्या मालावर 40 टक्के शुल्क 31 जुलैच्या आदेशातच होते. मी स्पष्ट नकार दिला.

खरेदीदाराशी बोलणी रात्री चालत. वाढीव 50 टक्के दोघांनी निम्मे-निम्मे सोसावेत, अशी त्याची पहिली मागणी होती. मी सूत, रंगाई, मजुरी, वीज आणि वाहतूक यांचा हिशेब त्याच्यासमोर ठेवला, आणि त्यानंतरच तो पंधरा टक्के सवलतीवर आला. मात्र बोलणी सर्वांत जास्त रखडली ती भारत-अमेरिका व्यापार वाटाघाटींच्या बातम्यांमुळे. ऑगस्टअखेर अमेरिकेचे शिष्टमंडळ दिल्लीत येणार होते, ते आले नाही. 16 सप्टेंबरला चर्चा पुन्हा सुरू झाली आणि त्याच रात्री खरेदीदाराने कळवले की करार होईलसे दिसते, तोवर थांबू. शेती आणि दुग्धव्यवसायाच्या प्रश्नावर दोन्ही सरकारे अडली होती, आणि आमचे टॉवेल त्याच्या नावाचे लेबल लावून गोदामात पडून होते. वाढलेल्या शुल्काची किमान बेरीज करता येते. उद्या ते कमी होईल या आशेने मात्र कोणीच सही करत नाही.

शेवटी मीच एक कलम सुचवले : मी आठ टक्के सवलत देईन, पण माल पोहोचेपर्यंत शुल्क घटले तर सवलतही त्याच प्रमाणात कमी होईल, आणि पैसे नव्वद दिवसांऐवजी कागदपत्रे मिळताच चुकते होतील. हे त्याला पटले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो दुसरा कंटेनर निघाला. त्यात तोटा झाला, तरी अडकलेली रक्कम हाती आली. तिसऱ्या कंटेनरची ऑर्डर रद्द झाली. तिच्या सुतातून आम्ही हॉटेलांसाठी पांढरे टॉवेल विणले.

सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ केले, पण आम्ही सूत आधीच विकत घेतले असल्याने त्याचा लाभ या ऑर्डरला झाला नाही. अधिक उपयोगाची ठरली ती रिझर्व्ह बँकेची नोव्हेंबरमधील सवलत : निर्यात कर्जाची मुदत 270 वरून 450 दिवस झाली आणि मी लगेच बँकेत अर्ज केला.

दिवाळीच्या आधी आमच्या जॉबरने (कामगारांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाने) विचारले होते, "मालक, दुसरी पाळी कधी सुरू करायची?" बंद ठेवलेल्या त्या पाळीत चौदा माणसे होती. त्यांतील सहा जणांना मी दिवसपाळीत सामावून घेऊ शकलो. उरलेल्या आठ जणांचे मोबाइल क्रमांक जॉबरकडे लिहून ठेवले आहेत.