डॉलरचे चिन्ह आणि एफ४ ची कळ

मी बाजार समितीतील एका आडतीवर हिशोब लिहितो. एक्सेलमध्ये हिशोबपट्टीचा तक्ता पहिल्यांदा मांडला, तेव्हा एका शेतकऱ्याच्या १२ गोण्यांची हमाली ९६ रुपयांऐवजी ९६० रुपये लागली. गोणीमागे ८ रुपये हा दर डी२ या सेलमध्ये होता आणि गोण्यांची संख्या सी स्तंभात तिसऱ्या ओळीपासून खाली. पहिल्या शेतकऱ्यासाठी डी३ मध्ये =सी३*डी२ असे सूत्र लिहिले, १० गोण्यांचे ८० रुपये बरोबर आले, म्हणून तेच सूत्र खाली ओढले. सूत्र ओळीने खाली गेले की त्यातील सेलचे साधे पत्तेही, म्हणजे सी३, डी२, खाली सरकतात. त्यामुळे दुसऱ्या शेतकऱ्याच्या गोण्या दराने नव्हे, तर डी३ मधील पहिल्याच्या ८० रुपयांनी गुणल्या गेल्या. पट्टी हाती देण्याआधी चूक सापडली, तरी कष्टाच्या पैशाचा हिशोब असा चुकू शकतो, ही गोष्ट मनाला लागली.

दराचा पत्ता $डी$२ असा लिहिला की तो जागचा हलत नाही. हे डॉलर हाताने टंकण्याची गरज नसते. सूत्र लिहिताना कर्सर त्या पत्त्यावर असताना एफ४ दाबावे: पहिल्यांदा $डी$२, दुसऱ्यांदा डी$२, तिसऱ्यांदा $डी२ आणि चौथ्यांदा पुन्हा साधा डी२. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावी लागते; मॅकवर कमांड आणि टी चालते. गूगल शीट्समध्येही एफ४ आहे. मात्र एक्सेलमध्ये सूत्राच्या बाहेर असताना हीच कळ मागची कृती पुन्हा करते, म्हणून आधी एफ२ दाबून सूत्रात शिरावे.

या कळीचे खरे मोल हमालीशेजारी तोलाई आणि वाराई या गोणीमागच्या इतर आकारांचे स्तंभ आले की कळते. तेव्हा सूत्र खालीही ओढायचे असते आणि उजवीकडेही; गोण्यांचा स्तंभ बदलता कामा नये आणि दरांची ओळ बदलता कामा नये. अक्षरापुढचा डॉलर स्तंभ धरून ठेवतो, आकड्यापुढचा ओळ. म्हणून सूत्र होते =$सी३*डी$२: सी३ वर एफ४ तीनदा, डी२ वर दोनदा. एवढे एकच सूत्र साऱ्या तक्त्याला पुरते.

तक्ता भरल्यावर मी उजवीकडच्या अगदी खालच्या सेलवर एफ२ दाबतो. सूत्रातील पत्त्यांभोवती रंगीत चौकटी उमटतात. एक त्या शेतकऱ्याच्या गोण्यांवर आणि दुसरी वाराईच्या दरावर असली, तरच पट्ट्या छापायला घेतो.