आमची वाटचाल : ट्यूबपासून पाण्यापर्यंत

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये, दोन वेल्डर आणि उधारीवर आणलेले एक मशीन एवढ्या भांडवलावर आम्ही बॉयलर दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा बॉयलर म्हणजे लोखंड आणि आग एवढीच आमची समजूत होती. खान्देशाला वाफ नवी नाही. पुढे विप्रो म्हणून जगाला माहीत झालेली कंपनी १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तुपासाठी उभी राहिली, आणि त्या कामाला वाफ लागतेच. बॉयलर बनवतात ते पुण्याच्या थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल यांसारख्या कंपन्या. आम्ही दुरुस्तीची मान्यता घेऊन ट्यूब, म्हणजे बॉयलरच्या आतल्या नळ्या, बदलतो, व्हॉल्व्ह घासून बसवतो आणि वार्षिक तपासणीसाठी बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांसमोर बॉयलर उघडून, साफ करून ठेवतो.

सुरुवातीच्या काळात एका तेल गिरणीत आम्ही निम्म्या ट्यूब बदलल्या आणि काम चोख झाले म्हणून मिरवलो. आठ महिन्यांत त्याच ट्यूब पुन्हा गळू लागल्या. शेठजींनी उरलेले पैसे रोखले, आम्ही ट्यूब विकणाऱ्याला बोल लावला, आणि आठवडाभर दोन्हीकडून नुसता फोन चालला. शेवटी तिथल्या बॉयलर अटेंडंट आप्पांनी बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीतले पाणी बाटलीत घेऊन त्यात साबणाचा चुरा टाकला आणि बाटली जोरात हलवली. फेस आलाच नाही. वर नुसता पांढरा साका तरंगला. ‘बोरनं पानी गोड शे, भाऊ,’ असे सांगणारे शेठजी शेजारीच उभे होते.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर ताशी एक टन वाफ देणारा बॉयलर वीस तासांत आठ किलो क्षार पोटात घेतो, कारण वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. ब्लोडाऊनने, म्हणजे बॉयलरमधले थोडे पाणी मुद्दाम बाहेर सोडल्याने, त्यातले काही बाहेर पडतात, उरलेले ट्यूबवर चुन्यासारखे चढतात. त्या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, धातू जास्त तापतो, फुगतो आणि फुटतो. (इंटरनेटवर बॉयलर शोधताना युरोपातली घरे उबदार ठेवणारी यंत्रे दिसतात, मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या जळगावकराला त्यांचे नवल वाटावे, पण तिथे तेच पाणी नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून हा त्रास बराच कमी. आमच्याकडे रोज नवे पाणी.)

तेव्हापासून कोणतेही काम घेण्यापूर्वी आम्ही पाण्याचा नमुना तपासतो : काचेच्या नळीतल्या नमुन्यात रंगाची पूड टाकून पाणी लालसर करायचे, मग ते निळे होईपर्यंत तपासणीचे द्रावण थेंब मोजत टाकायचे आणि थेंबांवरून कठीणपणा काढायचा. पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर बसवला तरी त्यातले रेझिन, म्हणजे कठीणपणा पकडणारे बारीक मणी, मिठाच्या पाण्याने वेळेवर धुतले नाही तर तो नुसती शोभेची टाकी ठरतो. म्हणून आम्ही अटेंडंटला वही देतो आणि महिन्याला ती पाहायला जातो. ट्यूब बदलण्याची कामे त्यामुळे घटली, आमच्या धंद्याला ते काही फार सोयीचे नाही, पण वार्षिक देखभालीचे करार वाढले. आमच्या बिलातली सर्वांत स्वस्त ओळ आजही मिठाच्या गोणीची असते, आणि घासाघीस मात्र नेमकी तिच्यावरच होते.