आधी मुंबई, अंदमान सगळ्यात शेवटी

काळ्या पाण्यावर गेलेल्या घरातल्या माणसाचा माग काढायला पोर्ट ब्लेअरला निघाला असाल, तर विमानाचं तिकीट आत्ताच काढू नका. मी उलट्या क्रमानं गेले. त्यात आठ दिवस आणि नऊ हजार रुपये पाण्यात गेले.

आमच्या घरात ठाऊक होतं ते एवढंच. पणजोबांचा थोरला भाऊ विठू, संगमेश्वराकडचा. बांधावरून भांडण झालं, कोयती चालली, शेजारी मेला आणि विठूला जन्मठेप झाली. आजी सांगायची, "महाराजा बोटीनं गेला. तात्याराव सावरकरांच्याच चलानात होता." चलान म्हणजे एका खेपेला अंदमानात धाडलेली कैद्यांची तुकडी. सावरकर ४ जुलै १९११ ला उतरले. बोटीचं नाव आहे, तारीख आहे, मग त्या दिवशी उतरलेल्यांची यादी मिळाली की विठू सापडला, असं मी धरून चालले होते.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी लॉजवाल्याच्या ओळखीचा एक जण भेटला. "दीदी, जेल में सबके नाम हैं, जहाज के हिसाब से निकाल दूँगा." नऊ हजार आगाऊ घेतले. चौथ्या दिवशी पाकीट दिलं, त्यात अकरा फोटो होते. सेल्युलर जेलमधल्या संगमरवरी फलकांचे! तिकीट काढून आत जाणारा कुणीही ते फलक वाचतो, मी स्वतः आदल्या दिवशी वाचले होते. पैसे परत मागितले तर "मेहनत का है" म्हणाला आणि नंतर फोन उचलेना. त्या तीन दिवसांत मी त्याच्या भरवशावर दुसरं काहीच केलं नाही, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे. यादी काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

फलकांवर नावं आहेत ती राजबंद्यांची. तिथं हात जोडलेच पाहिजेत, मी जोडले. पण सावरकरांचा कैदी क्रमांक ३२७७८ होता. म्हणजे १९११ पर्यंत क्रमांक बत्तीस हजारांच्या पुढे गेले होते, आणि त्यात राजबंदी मूठभर. बाकीचे खून, दरोडा, मारामारीतले साधे कैदी. त्यांची नावं भिंतीवर नाहीत. १९४२ ते ४५ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती, त्या काळात तिथले बरेच कागद नष्ट झाले. त्यामुळे पोर्ट ब्लेअरमध्ये साध्या कैद्याचा कागद शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा बघायच्या असतील तर चॅथम बघा. १० मार्च १८५८ ला 'सेमिरामिस' बोटीतून डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन आला आणि पहिला मुक्काम चॅथमवर पडला. पाणी पुरेना म्हणून नंतर रॉस बेटावर हलले. पळून पकडले गेलेल्या ऐंशीहून जास्त जणांना वॉकरनं फासावर दिलं. तेव्हाच पळालेला दूधनाथ तिवारी क्रमांक २७६ म्हणून आजही माहीत आहे, कारण तो वर्षभर अंदमानी लोकांत राहिला आणि १८५९ मध्ये परत येऊन त्यांच्या हल्ल्याची खबर दिली. चॅथमवर आता लाकडाची गिरणी आहे, रविवारी बंद असते. रॉस बुधवारी बंद. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये फाशी दिलं ते व्हायपर बेट आमच्या बोटवाल्यानं वीस मिनिटांत उरकलं. तीन बेटांची एकत्र फेरी घेऊ नका. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि उरलेलं राहूनच जातं. हॅवलॉकला दोन दिवस होते, चांगले गेले.

खरं काम झालं मुंबईत, काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. ओळखपत्र, फोटो आणि कशासाठी शोधताय याचं पत्र बरोबर ठेवा. पहिले चार दिवस मी न्यायखात्याच्या खंडांत शिक्षेचा कागद शोधत बसले. धूळ, पिवळी पानं, मान मोडलेली. पाचव्या दिवशी गठ्ठे आणून देणारे काका म्हणाले, "ताई, शिक्षा शोधू नका. सुटकेचा अर्ज शोधा." जन्मठेपीच्या कैद्याला सोडायचं का, हे अंदमानचा अधिकारी एकटा ठरवत नसे. ज्या प्रांतातून तो आला, त्या प्रांताच्या सरकारला विचारलं जाई. म्हणून रत्नागिरीच्या माणसाचा कागद समुद्र ओलांडून परत मुंबईला आलेला असतो. हे एक वाक्य मला आधी कळलं असतं तर एवढी वणवण झालीच नसती.

आडनावानं शोधू नका, बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं. 'विठू बिन रामजी' असं, बापाच्या नावासकट. इंग्रजीत विठूचं स्पेलिंग व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी करतात, दोन्ही बघा. क्रमांक मिळाला की आधी तो उतरवून घ्या, नावापेक्षा तोच पक्का.

सहाव्या दिवशी दुपारी सापडला. अर्ज १९१७ चा, कुणा मुन्शीनं उर्दूत लिहिलेला, खाली अंगठा. शाई निळसर, अंगठ्यावर मधोमध आडवा व्रण, रेषा तिथं तुटलेल्या. जोडलेल्या इंग्रजी टिपणात उतरल्याची तारीख होती, जानेवारी १८९७. म्हणजे सावरकर आले तेव्हा विठू चौदा वर्षं तिथं होता. बोटीचं नाव कुठंच नाही. काम, वीटभट्टी. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ कैद्यांनीच बांधलं. दोन महिन्यांपूर्वी मी त्याच भिंतीला हात लावून उभी होते आणि मला हे माहीत नव्हतं.

त्याच गठ्ठ्यात मामलेदाराची चौकशी आहे. गावी कोण सांभाळणार, असं विचारलंय. धाकट्या भावाचा जबाब मराठीत, मोडीत आहे, वाचून घ्यावा लागला. 'जमीन माझे नावे आहे. तो आल्यास पुन्हा तंटा होईल. मी घेणार नाही.' खाली पणजोबांचं नाव. सरकारनं अर्ज नामंजूर केला. आजीला हे माहीत होतं का, कोण जाणे.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याची पोर्ट ब्लेअर शाखा आहे. जाण्याआधी 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरूनच शोधा. मी तिथं दोन दिवस बसले, विठू मिळाला नाही. बहुतेक फायली धोरणाच्या आणि नोकरवर्गाच्या निघाल्या.

मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. मी ऐन वेळी शोधला, तीन दिवस गेले. फेब्रुवारीत परत काळा घोड्याला जाणार आहे. १९१७ नंतरचे खंड अजून बघायचेत, दुसरा अर्ज असेल तर तिथंच असेल.